मेघवनातील नदीच्या दुरुस्तीबाबत

कुरुंदा,
रविवार, ७ एप्रिल १९७४

ती. रामजीदाजी यांना नरसिंगचा सप्रेम जय भीम.

आम्ही इथे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. (चांगुणा खरोखरच खुशाल आहे. यशोधरा अजून खुशाल आहे, आणि त्यातला 'अजून' मला आठवडाभर टोचतो आहे. माझं काय ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा.) तुमच्या उजव्या डोळ्याचं पाणी थांबलं का? छापखान्यात दिवसभर उलट्या अक्षरांचे खिळे जुळवून तुम्ही आता दुकानांच्या पाट्यासुद्धा उजवीकडून वाचायला लागलात, असं अक्काच्या मागच्या पत्रात होतं. ते खरं की तिनं आपलं रागानं लिहिलं, ते कळवा. अक्काच्या गुडघ्याला तेल सोसतं का? तिनं पाठवलेलं लोणचं पोचलं, आणि संपलंही. ते कोणी संपवलं याबद्दल घरात दोन मतं आहेत.

पत्र लिहायचं कारण असं, की मी एक तारखेपासून रजेवर होतो आणि आज रजा संपते. आजारी नव्हतो. रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं होतं, तर साहेबांनी विचारलं, लग्न की मयत? मी म्हटलं, मुलगी. त्यांनी पुढे विचारलं नाही. उलट फार कनवाळूपणे सही केली. ते मुलीबद्दल काय समजले असतील या विचारानं मी रजेचे पहिले चार तास घालवले.

खरं कारण माझी डायरी. औरंगाबादला कॉलेजात असल्यापासून बावीस वर्षं मी रोज लिहितो, हे तुम्हाला माहीतच आहे. मार्च संपताना सहज मागची पानं चाळली. फेब्रुवारीत 'यशोधराशी बोललो' अशी नोंद अकरा ठिकाणी सापडली. त्यातली नऊ वाक्यं 'पाय धू', 'कंदील पूस' अशा जातीची. दहावं, 'गणिताचा पेपर कसा गेला?' अकरावं, 'केवढी वाढलीस गं!' त्यावर तिचं उत्तरही लिहून ठेवलं होतं, 'कवाचीच.' मी हे चांगुणाला वाचून दाखवलं. (का दाखवलं? शाबासकी मिळेल असं वाटलं असावं. आपली चूक आपण शोधली की माणसाला जरा शाबासकीची आशा असतेच.) ती भाकरी थापत होती. म्हणाली, "वहीत लेकीचं लिवता, मंग लेकीसंगं काहून बोलत न्हाई? ती काय मोजणीचा अर्ज हाय, नंबर लागल्यावर घ्यायचा?" दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला.

आता मेघवनाचं. तुम्हाला ते सांगायला नको. आठही भाग तुमच्याच हातांनी जुळवलेत. पण हे पत्र तुम्ही अक्काला वाचून दाखवाल आणि ती मधेच 'कोण राणी? कुठली राणी?' करील, म्हणून लिहितो. तुमच्या नांदेडच्या श्री. व्यंकटराव कौठेकरांनी मुलांसाठी चालवलेली ही अद्भुत कथामाला आहे. ढगांवर मेघवन नावाचं राज्य, त्याला सात बुरूज, चित्रांगी नावाची राणी, तिचा उडता वळू, पुलाखाली राहणारा एक राक्षस आणि नीलजा नावाची नदी. आमच्या कुरुंद्यात आठवीच्या सहा मुलींनी याचं 'मेघवन मंडळ' काढलं आहे. मंडळाला शपथ आहे, खुणेची लिपी आहे, दंड आहेत. शकू राणी आहे, कारण तिच्या बापाचा, मुंजाजीचा, हळदीचा मळा मोठा आहे आणि लढायांना जागा लागते. आपली यशोधरा सेनापती. नववा भाग येत्या रविवारी, भीमजयंतीला, तुम्ही येताना आणणार आहात, हे सहाही जणी दिवस मोजून सांगतात. सगळ्या आळीला ती तारीख पाठ झाली आहे.

आणि आता कबूल करतो, दाजी, की आठही भाग मीही वाचले आहेत. पहिला वाचला तो पोरीच्या हातात काय पडतं ते पाहावं म्हणून. दुसरा वाचला तो पहिल्याबद्दलचं मत घाईचं तर नव्हतं ना, हे तपासायला. तिसऱ्यापासून काही कारण सांगता येत नाही. मोजणीला गेलो की शेजारचे खातेदार येईपर्यंत लिंबाखाली बसावं लागतं, तेव्हा रजिस्टरात घालून वाचले. सहाव्या भागात वळू मरतो तेव्हा माझे डोळे भरून आले. गावच्या पाटलाला वाटलं, साहेबांना कोरड्या रानाची कीव आली. त्यानं मला पाणी पाजलं, आणि मी ते प्यायलो.

पण पहिल्या भागाच्या सुरुवातीला नकाशा आहे. मी माणूस वाईट नाही, पण नकाशा समोर आला की मला राहवत नाही. वीस वर्षं मोजणीची साखळी ओढल्यावर ती मनाला गुंडाळली जाते. तिसऱ्या भागात नीलजा श्वेतगिरीवरून खाली येते, हे ठीक. सहाव्या भागात तीच नदी सपाटीवर उगम पावून श्वेतगिरी चढून जाते. सैन्य दोन प्रहरांत जे अंतर कापतं ते नकाशाच्या प्रमाणानं चाळीस कोस भरतं, आणि सैन्यात म्हाताऱ्या आहेत. मी हे सगळं सहा पानांत, मुद्देवार, सोबत दुरुस्त आकृती जोडून कौठेकरांना लिहून पाठवलं. खाली नाव घालायची वेळ आली तेव्हा हात थांबला. त्रेचाळीस वर्षांचा सरकारी भूमापक ढगातल्या नदीबद्दल तक्रार करतो, हे बाहेर कळलं तर माझ्या हद्दीच्या खुणांवर कोण विश्वास ठेवील? मग मी गोल गोल अक्षर काढून लिहिलं, 'कु. यशोधरा नरसिंग, इयत्ता आठवी, कुरुंदा.' (याला कायद्यात काय म्हणतात ते मला माहीत आहे. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याच्यावर प्रकरण पाठवलं असतं.)

रजेच्या पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजता उत्तर आलं. पाकिटावर तिचं नाव. ती सकाळच्या शाळेला गेलेली. टपालवाल्यानं माझ्या हातात दिलं आणि मी ते फोडलं. म्हणजे आधी तिच्या नावानं लिहिलं, आणि वर तिच्या नावाचं फोडलं. कौठेकर फार सज्जन माणूस दिसतात. त्यांनी लिहिलं होतं, 'चि. यशोधरा, तुझं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं आहे. इतकी वर्षं नदी डोंगर चढवत होतो याची लाज वाटली. उपाय सुचत नाही. म्हणून नवव्या भागात नीलजेला पूर आणून मेघवन बुडवलं आहे आणि कथामाला संपवली आहे. प्रस्तावनेत तुझे नाव-गावासह जाहीर आभार मानले आहेत. अशीच चिकित्सक राहा.'

दाजी, येत्या रविवारी पाच मुली ती प्रस्तावना वाचतील आणि सहावीकडे बघतील. तिला त्यातलं काही म्हणजे काहीच माहीत नाही.

मी ठरवलं, आज दुपारीच सांगायचं. पत्र सदऱ्याच्या खिशात घातलं. दुपारी ती आली, तर मी सांगण्याऐवजी म्हणालो, "मला तुमच्या मंडळात घेता का?" तिनं दप्तर खाली ठेवलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग मंडळाची बैठक बसली. माझी तोंडी परीक्षा झाली. राणीच्या घोड्याचं नाव काय, असं शकूनं विचारलं, आणि मी म्हणालो, राणीला घोडा नाही, चौथ्या भागात पान बेचाळीसवर ती तो देऊन टाकते. यशोधरा माझ्याकडे अशी पाहत होती, जणू घरात कोणी अनोळखी माणूस धोतर वाळत घालताना सापडला आहे. "बाबा, तुमी वाचले?" मी म्हटलं, चाळले. "चाळून पान नंबर ध्यानात ऱ्हातो व्हय?" शेवटी मला एकमतानं पुलाखालच्या राक्षसाची जागा मिळाली. ती जागा दोन वर्षं रिकामी होती, कोणी घेत नव्हतं म्हणे.

मंगळवारचा दिवस राक्षस शिवण्यात गेला. जुन्या छत्रीच्या काड्यांचे पंख झाले. (पुलाखालच्या राक्षसाला पंख नाहीत, मी हरकत घेतली, सेनापतींनी ती फेटाळली.) मोजणीच्या दोन फाटक्या लाल झेंड्यांची जीभ झाली. शिंगांसाठी चांगुणाची नरसाळी नेली तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, की रजा सरकारनं पगारी दिली की कशी. पण संध्याकाळी आम्ही दोघं जमिनीवर बसून पंखांना दोरा घालत होतो आणि यशोधरा बोलत होती. शाळेतलं, शकूचं, गणिताच्या बाई फळ्याकडे तोंड करून हसतात त्याचं. डायरीत साडेतीन पानं झाली. खिशातलं पत्र प्रत्येक वेळी वाकलो की कुरकुरायचं. तिनं विचारलं, "खिशात काय हाय?" मी म्हणालो, ऑफिसचं. ते खोटं वहीत लिहिताना मी तीन वेळा खोडलं. खोडल्यानं ते कमी झालं नाही.

बुधवारची लढाई मुंजाजीच्या मळ्यात. तिथे हळद शिजवणं चालू होतं. अक्काला सांगा, माहेरी असते तशीच मोठी कढई, खाली पाल्याचा जाळ, आणि झाकण काढलं की वाफेचा असा लोट, की हातभरावरचं माणूस दिसत नाही. मेघवनाला याहून चांगला ढग मिळायचा नाही. मी वाफेतून डरकाळी फोडत यायचं आणि सेनापतींनी मला मारायचं, असं ठरलं होतं. मी आलो. डरकाळी चांगली झाली. वाफ विरली तेव्हा समोर सेनापती नव्हत्या. मुंजाजी उभा होता, आणि त्याच्यासोबत त्याचा बांधाचा शेजारी फुलसिंग. या दोघांच्या बांधाचं भांडण माझ्याचकडे आहे आणि पंधरा तारखेला मी तिथे मोजणी करणार आहे. मुंजाजीनं डोक्यावरचं काढून नमस्कार केला. "साहेब, तकलीफ देत न्हाई, पर आलेच हाव तर इचारतो. पंधराला येऊन राहिले ना बराबर?" मी नरसाळी सावरत म्हणालो, नोटीस निघाली आहे, दोन्ही बाजूंनी हजर राहावं. फुलसिंग म्हणाला, "साहेब, मोजणीला असेच येतान का?" तेवढ्यात मागून सहा जणी काठ्या घेऊन धावत आल्या आणि माझ्यावर तुटून पडल्या. मी नियमाप्रमाणे मेलो. पडलो तो वाळत घातलेल्या हळदीत. मुंजाजी मुलींना ओरडत होता, "अगं साहेब हायेत ते, सरकारी साहेब!" आणि माझी सेनापती माझ्या छातीवर पाय ठेवून त्याला सांगत होती, "न्हाई काका, हे राक्षस हायेत. साहेब आज रजेवर हायेत." तिचा पाय बरोबर त्या खिशावर होता. दाजी, मी डोळे मिटून पडलो होतो आणि मला वाटलं, असं वाटलं, की याहून चांगला दिवस मला आला नव्हता आणि मी तो चोरून घेतलेला आहे.

अंगाचा पिवळा रंग तीन आंघोळींनी गेला नाही. चांगुणा म्हणते, दुसऱ्यांदा नवरदेव झालात.

गुरुवारी सेनापतींनी आपला नकाशा माझ्यापुढे पसरला. चार कागद चिकटवून, रंग भरून, दोन वर्षं जपलेला. म्हणाली, "बाबा, तुमी मोजणीवाले. एकदा नजर टाका. काही चुकलं का?" मी नीलजेकडे पाहिलं. तिनं ती निळ्या शाईनं काढली होती, श्वेतगिरीवर अगदी न लाजता चढवलेली. मी म्हणालो, सुरेख आहे. "चुकलं न्हाई काही?" मी म्हणालो, नाही. वीस वर्षांत मी कोणाच्या बांधाबद्दल खोटं बोललो नाही.

शुक्रवारी आम्ही तिघं एस.टी.नं जवळा बाजारला गेलो, रंगीत कागद आणायला. मनाशी पक्कं केलं होतं, परतीच्या गाडीत सांगायचं. पण तिथे पुस्तकं विकणारा भेटला, त्याला नांदेडहून बातमी होती. म्हणाला, मेघवनाचा नववा भाग शेवटचा, राज्य बुडतं, कोण्या एका वाचकानं चुका काढल्या म्हणून. परतीच्या गाडीत यशोधरा खिडकीकडे तोंड करून बसली. मी विचारलं, बाई गं, रडतेस का? "न्हाई. इचार करून राहिले." कशाचा? "त्या माणसाचा. त्याला लेकरंबाळं न्हाईत का?" चांगुणा म्हणाली, असतीन बी, पर त्याईच्याशी बोलत नसंल. तिला यातलं काही माहीत नव्हतं, तरी ते वाक्य माझ्या बरोबर वर्मी बसलं. यशोधरा म्हणाली, "तो भेटला पायजे एकदा." मी कंडक्टरला विचारलं, वसमत किती लांब आहे. ते मला रोजच्या ऑफिसच्या वाटेनं माहीत आहे.

काल शनिवार. काल मी काहीच केलं नाही. दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत हिंडलो. खोल्या दोनच असल्यानं फार हिंडता येत नाही.

असा माझा घरच्यांसोबतचा आठवडा झाला. तुम्ही आणि अक्का जयंतीला शनिवारीच या. सकाळच्या गाडीनं आलात तर चांगुणा वरणफळं करणार आहे. मिरवणुकीत यंदा लेझीम मुलींचं आहे. अक्काला साष्टांग नमस्कार.

आपला,
नरसिंग

ता. क. इतकं लांब लिहिलं आणि जे मागायचं ते राहिलंच. नवव्या भागाची प्रस्तावना अजून तुमच्याकडे जुळवलेल्या खिळ्यांतच असेल. भाचीचं नाव जुळवताना तुम्हाला आनंद झाला असेल, त्याबद्दल क्षमा करा. ते नाव काढून तिथे 'श्री. नरसिंग, भूमापक, कुरुंदा' असं घालाल का? कौठेकरांना मी वेगळं लिहितो आणि सगळं कबूल करतो. ऑफिसात हसतील ते हसोत. मुली रविवारी पुस्तक वाचतील तेव्हा त्यांना माझंच नाव दिसू दे. यशोधराला तिथेच कळेल.

ता. क. २. वरचं चांगुणाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजी पोरीला छापून सांगता? तोंड हाय ना?" म्हणून पाकीट तसंच ठेवून उठलो आणि यशोधराला सांगितलं. ती उभ्यानंच कौठेकरांचं पत्र वाचत होती. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता रडेल, किंवा ओरडेल. दोन्हींची तयारी केली होती. तिनं विचारलं, "नदी खरंच चुकली व्हती?" मी म्हटलं, हो. "मंग गुरुवारी न्हाई काहून म्हणले?" तिनं माझी मोजपट्टी उचलली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दुपारचं जेवण तिनं दाराआडच घेतलं.

ता. क. ३. वरची विनंती रद्द समजावी. संध्याकाळी दार उघडलं. मला आत बोलावलं ते मुलगी म्हणून नव्हे. सेनापतींनी राक्षसाला हजर करावं तसं. नकाशा जमिनीवर होता, नदी खोडलेली. "पुराचं पाणी किती हात चढंल ते सांगा." आम्ही दोघांनी हिशोब केला. दाजी, श्वेतगिरीचा माथा पाण्याच्या वर राहतो! सातवा बुरूज तर पुरता कोरडा. सगळी प्रजा तिथपर्यंत पोचू शकते, म्हाताऱ्या धरूनसुद्धा, दोन प्रहरांत नाही पण तीन दिवसांत नक्की. तेव्हा खरी विनंती अशी, की नाव तिचं असू द्या की माझं, काहीही चालेल. फक्त शेवटच्या पानावर 'समाप्त' जुळवला असेल तर तेवढे खिळे काढून ठेवा. मी कौठेकरांना आकृतीसह लिहितो आहे. त्यांची परवानगी येईपर्यंत ती जागा कोरी राहू द्या. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही. पण मापं विचारते. पत्र पेटीत टाकायला तिच्याकडेच दिलं आहे.

मामा, मी यशोधरा. पाकीट उघडंच होतं, मी कोणाचं फोडत न्हाई. बाबा कौठेकरांना लिवतो म्हणले, पण चार ओळी लिवून चार खोडतात, येत्या जयंतीपर्यंत न्हाई होणार. पण शुक्रवारी बाजारातून आल्यावरच मी त्यांना लिवून धाडलंय, की राज्य बुडवू नका, वाचवायचा उपाय कळवतो. तेव्हा मला बाबांचं काही माहीत नव्हतं. लहान पोरीचं कोण ऐकतं, म्हणून खाली लिवलं, 'आपला नम्र, नरसिंग, भूमापक.' उत्तर बाबांच्या नावानं येईल. ते मला मिळालं पायजे, तेवढं बघा. आत्याला नमस्कार.